परशराम अण्णा आणि लाईट गेलेले दिवस

टिकलं!

आणि हे ज्यांना सगळ्यांत आधी सांगायचं ठरलं होतं, ते परशराम अण्णा वर्षापूर्वी आजच्याच दिवशी गेले.

माझ्या फ्रेंडलिस्टमधल्या निम्म्या लोकांना अण्णा माहीत नाहीत. उरलेल्या निम्म्यांना माझी पीएचडी कशावर आहे ते माहीत नाही. म्हणून दोन्ही सांगते. जरा दम धरा, आज मी लई खुशीत आहे.

मी फ्युएल सेलवर काम करते. एका बाजूने हायड्रोजन द्यायचा, दुसऱ्या बाजूने हवा, आणि वीज घ्यायची. धूर नाही, बाहेर पडतं ते पाणी. हे घडवून आणतात प्लॅटिनमचे अगदी बारीक कण, आणि ते कण बसवलेले असतात कार्बनच्या काळ्या पावडरीवर.

माझा सेल काही दिवस झकास चालायचा आणि मग मान टाकायचा. का, ते दीड वर्ष कळत नव्हतं.

अण्णा उद्यमबागेतल्या ओतकामाच्या कारखान्यांत भट्ट्या दुरुस्त करायचे. आमच्या लॅबची भट्टी बंद पडली म्हणून त्यांच्या गावाहून, कडोलीहून, स्कूटरवर आले. कॉइल बदलता बदलता म्हणाले,

"काय भाजतीस गं ह्यात?"

"पावडर, अण्णा."

"एवढी शिकून पावडर भाजतीस?"

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.

भट्टी तापेपर्यंत त्यांना काम नव्हतं. टेबलावरचं माझं रीडिंगचं रजिस्टर त्यांनी ओढलं, चष्मा लावला, आणि एका पानावर बोट ठेवलं.

"ह्या वळी का खोडल्यास?"

"त्या दिवशी लाईट गेलती. सेल बंद पडला. ते रीडिंग धरायचं न्हाय."

"आनि ही?"

"तवा बी लाईट गेलती."

"म्हंजे लाईट गेली की तुजं यंत्र बिघडतंय, आनि तू नेमकं त्येच खोडतीस व्हय?"



अण्णांनी पिशवीतून फुटक्या मुशीचा तुकडा काढला. पितळ वितळवायची काळी ग्राफाइटची मूस. बूड जाडजूड, काठ मात्र भाकरीच्या कडेएवढा पातळ.

"भट्टी चालू असताना हिला काय हुईत न्हाय. बंद केली, परत पेटवली, की वारा काठ खातोय. तुज्या डबीत बी काळंच हाय न्हवं? चालताना बघू नगंस. चालू करताना बघ."

सांगते, माझ्या अंगावर काटा आला!

सेल बंद-चालू होताना कार्बन झिजतो, हे मी पेपरांत वाचलेलं होतं. परीक्षेत लिहून मार्कही घेतलेले. कार्बन झिजला की प्लॅटिनमच्या कणांचा आधार जातो, ते एकमेकांना चिकटतात, वाहून जातात. सगळं तोंडपाठ. माझ्याच रजिस्टरात ते घडत होतं आणि मी पट्टी लावून त्यावर नीट रेघा मारत होते. कसली हुशार मी!

मग ठरवलं, कार्बनच नको. टायटॅनियमचा ऑक्साइड घ्यायचा.

अण्णांना सांगितलं, "ह्यो आधीच गंजून बसलाय, अण्णा."

"मग त्येला वारा काय करनार!" म्हणाले आणि खूश होऊन टेबलावर थाप मारली.

पण पहिला सेल दगडासारखा गप्प. हा ऑक्साइड नुसता असला तर वीज वाहू देत नाही. आमचे गाईड सर म्हणाले, "हे शेवटचं एक्स्टेन्शन आहे. कार्बनवर परत ये, थिसिस दे आणि मोकळी हो." चुकीचं बोलत नव्हते. यात फसले असते तर इतक्या वर्षांचं काम वाऱ्यावर.

मी नाही परत गेले. वीज वाहावी म्हणून ऑक्साइडमध्ये थोडा नायोबियम धातू घातला. अण्णा म्हणाले, "आमी बी ओतायच्या आधी लोखंडात चिमूटभर मसाला टाकतोय की." भट्टी सगळीकडे सारखी तापावी म्हणून त्यांनी कॉइल दोनदा उकलून परत गुंडाळली.

आणि एक दिवस वीज वाहिली!

तोवर अण्णा अंथरुणाला खिळले होते. मी कडोलीला जाऊन सांगितलं. हसले नाहीत.

"वाहिली, बरं झालं. झिजतंय का, त्ये सांग."

"आता टेस्ट लावनार, अण्णा. कळलं की फोन करीन."

"फोन करू नगंस. पळत येऊन सांगायचं."

त्यानंतर आठवड्याभरात ते गेले. मला फार रडू आलं. अजून येतं.

पुढे वर्षभर बॅचमागून बॅच. शेवटच्या बॅचला मी मुद्दाम छळलं. चालू, बंद, चालू, बंद, हजारो वेळा. मधे दोनदा खरोखरची लाईट गेली, तेव्हा तर मी टाळ्या वाजवल्या. थोडंसं घसरलं, नाही म्हणत नाही. पण कार्बनवाला जिथे आडवा व्हायचा, तिथून हा पुढे गेला आणि चालतच राहिला.

आज सकाळी शेवटचं रीडिंग घेतलं आणि रजिस्टर घेऊन थेट कडोली गाठली. फाट्यावर गाडी लावली आणि घरापर्यंत खरंच पळत गेले. लोक बघत होते. बघू देत.

वर्षश्राद्धाची पंगत बसायची होती. अण्णांच्या मंडळी, आक्का, दारातच भेटल्या. मला धाप लागलेली, बोलता येईना. त्यांनीच विचारलं,

"झिजलं न्हाय न्हवं?"

आक्कांना हे कसं माहीत? माझं तोंड बघूनच त्या म्हणाल्या,

"रोज जेवताना त्येच की गं. त्या पोरीचं टिकंल का, त्या पोरीचं टिकंल का. भाकरी गार व्हायची."

"टिकलं, आक्का."

"मग मला काय सांगतीस? त्यास्नी वाचून दाव."

फोटोसमोर बसून मी रजिस्टर मोठ्याने वाचलं. लाईट गेलेल्या दोन दिवसांसकट. आक्का शेजारी बसून प्रत्येक आकड्याला मान हलवत होत्या.

या वेळी एकही ओळ खोडलेली नाही, अण्णा.

फोन नाही केला. पळत आले.

तुम्हांला माझा भरल्या डोळ्यांनी नमस्कार.