ज्युली भुंकत नाही

त्र्याऐंशीच्या गणपतीत आमच्या बिल्डिंगला आरतीपेक्षा मोठा विषय मिळाला होता. तळमजल्यावरच्या गुणाजी पालवाने म्हणे लष्करातून कुत्री पळवून आणली. दुसऱ्या मजल्यावरच्या वनमालाबाईंनी तर मिलिटरीची जीप बोरीवली स्टेशनबाहेर आमचा पत्ता विचारताना पाहिली. या बाईंना ताटातला खडा दिसत नाही, जीप मात्र दिसली.

पळवून कसली आणतोय! गुणाजीत तेवढी धमक असती तर मी स्वतः त्याला ओवाळलं असतं. साहेबाच्या पाया पडून, नाक घासून, रीतसर मागून आणली.

बाप गिरणीत खपला, म्हणून हा गिरणी सोडून फौजेत गेला. तिथे कुत्र्यांच्या तुकडीत लागला. पुरी नोकरी कुत्र्यांना फिरवण्यात, धुण्यात आणि त्यांच्या मागे डोंगर चढण्यात गेली. शेवटची वर्षं ही ज्युली. माणूस ज्या वाटेने गेला त्या वाटेचा वास घेत त्याच्यापर्यंत जायचं, आणि तोंडातून आवाज काढायचा नाही, हे तिचं शिक्षण. भुंकली तर पुढचा सावध होतो. पुढे तिचा मागचा पाय अधू झाला. चालेनाशा कुत्र्यांना तिथे मरणाची सुई देतात, एवढंच गुणाजीने बायकोला सांगितलं. स्वतःच्या रिटायरमेंटला त्याने घड्याळ नको, कुत्री द्या म्हटलं. साहेब कसाबसा कबूल झाला, तोही एका अटीवर: घरी ठेवणं जमलं नाही तर परत आणून द्यायची. परत म्हणजे सुईच.

त्याची बायको शेवंती, माझी शेजारीण, माझ्या ओट्याशी उभी राहून करवादायची, "माका चार ओळी लिवूक ह्येका कधी येळ नाय गावलो. आता हिचे केस इंचरता." पण भाकरी करताना एक जास्त थापायची, ते मी खिडकीतून बघत होते.

आता आमची सोसायटी. सेक्रेटरी श्यामकांत कर्णिक. सरकारी कचेरीत फायली पुढे ढकलतात आणि संध्याकाळी आम्हाला. त्यांचे वडील अप्पा रिटायर झाल्यापासून पहिल्या मजल्याच्या गॅलरीत बसून असतात. पेपर वाचतात, पोरांचे बॉल जप्त करतात आणि चहा गार झाला म्हणून सुनेला हाका मारतात. दुसरं काम नाही, आणि कुणी अपेक्षाही केलेली नाही.

कर्णिकांनी कंपाउंडात खुर्च्या मांडून मीटिंग घेतली. कुत्रं चावेल, केस पडतील, पाण्याची टाकी बाटेल. टाकी गच्चीवर, कुत्री लंगडी, पण टाकी बाटेल. कुत्री घालवायची हे जवळपास ठरलंच होतं. तेवढ्यात कर्णिकांना अक्कल सुचली. वॉचमन खंडू गावाला गेला तो परतलाच नव्हता. मिलिटरीची कुत्री आहे तर रात्री गेटवर बांधा, राहू दे, वॉचमनचा पगार वाचेल. सगळ्यांनी हात वर केले. वनमालाबाईंनी दोन्ही केले.

गुणाजीने काय करावं? उभा राहून "जी साब" म्हणाला. ती राखणीची कुत्री नाही हे त्याने दबक्या आवाजात सांगितलं, ते कुणी ऐकलं नाही. जन्मभर सलाम ठोकलेला माणूस, कर्णिकांनाही ठोकून मोकळा झाला. मला त्याची शिसारी आली. वर हा शहाणा रोज रात्री तिच्याशेजारी स्टूल टाकून बसायला लागला. सोसायटीला एक पैसा न देता दोन वॉचमन मिळाले, आणि अप्पा वरून ओरडायचे, "पालव, खोकू नका, झोप मोडते."

दिवाळीनंतर गुणाजी तापाने पडला. ज्युली गेटवर एकटी राहिली. सकाळी पाहतो तर मागच्या पंपरूममधून पाण्याची मोटार गायब. ज्युली साखळी ताणून पंपरूमच्या दिशेने उभी होती, मानेवरचे केस घासून कातडी लाल झालेली. रात्रभर ओढत असणार. आवाज नाही काढला, कारण तिला तसंच शिकवलेलं. कातडी कुणी बघितली नाही. सगळ्यांच्या बादल्या रिकाम्या होत्या.

रविवारी पुन्हा खुर्च्या मांडल्या. नंदकिशोर शहा म्हणाले, एवढी हुशार असेल तर चोर शोधून दाखवू दे, मग ठेवू. कर्णिक म्हणाले, मिलिटरीने मोडीत काढलेला माल आपल्या गळ्यात पडलाय, जिथून आणला तिथे पोचवा. वरून अप्पांनी अनुमोदन दिलं, "जे कुत्रं भुंकत नाही ते पोसायचं कशाला?"

गुणाजी ज्युलीला घेऊन मागे उभा होता. तिच्या गळ्यात पट्टा नव्हता, शेवंतीच्या जुन्या लुगड्याची पट्टी होती. मी मनात म्हटलं, आता हा "जी साब" म्हणणार आणि उद्या गाडीत बसणार. शेवंतीने पदराचा बोळा तोंडात धरला होता.

त्याने म्हटलं नाही. जे म्हटलं त्यानंतर कर्णिकांनी ठराव पुढच्या मीटिंगवर ढकलला, आणि फाइल ढकलण्यात त्यांचा हात कोण धरणार? दोन वर्षं झाली, ती मीटिंग अजून व्हायची आहे. गेटवर नवा वॉचमन आहे. ज्युली पालवांच्या दारात उन्हाला पडलेली असते, आणि अप्पा खाली बघायचं टाळतात.

त्या दिवशी गुणाजीने आधी गॅलरीकडे पाहिलं, मग कर्णिकांकडे, आणि आवाज न चढवता बोलला:

"साहेब, तुमचे वडील रिटायर झाले तेव्हा त्यांका घरात ठेवूक तुम्ही काय काम लावलात? त्यांनी बसून खाल्लेला चालता, तर माझी ज्युली पण बसूनच खातली. तीही नोकरी करूनच इली हा."