आदिनाथ सरांची भाकरी

आमच्या घाटनांदुरात आदिनाथ सर इंग्रजीची शिकवणी घेतात. माणूस देवमाणूस, पण कासवाच्या चालीचा. मी त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. एका 'डिफरंट'वर त्यांनी अख्खा आठवडा घातला, तेव्हा पलीकडून ऐकून ऐकून माझेच कान किटले.

उदाहरण ठरलेलं. "हरिनामाच्या सप्त्यात पंगतीला घरोघरच्या भाकरी येतात. एक दुसरीसारखी नसते, ते डिफरंट. ज्वारीचा ढीग आणि बाजरीचा ढीग लांबूनच निराळे कळतात, ते डिस्टिंक्ट. आणि आमच्या हिची भाकरी? काठावर अंगठ्याचा दाब! हजारांत ओळखीन. ते डिस्टिंक्टिव्ह."

रामहरीअण्णांना हा संथपणा सोसेना. त्यांची लेक संस्कृती सरांकडे शिकते. अण्णा गावातला वजनदार माणूस. त्यांनी पोरगी काढली असती, तर बाकीचे बापही निघाले असते. आणि शिकवणी म्हणजे सरांचा जीव की प्राण.

सप्ता बसला. पंगतीआधी मांडवात दुरड्या रिकाम्या झाल्या, भाकरींचा ढीग लागला. अण्णांनी सगळ्यांदेखत सरांना गाठलं.

"सर, काढा बरं वहिनींच्या हातची भाकर. वळखली तर पोरगी तुमच्याकडं. न्हाई तर अंबाजोगाईच्या क्लासला."

सरांनी चष्मा पुसला. चाळून चाळून एक भाकरी उचलली. काठावर अंगठ्याचा दाब. "ही घ्या! हिच्याच हातची!"

रुक्मिणीवहिनी आमटीच्या कढईपाशी होत्या. त्यांना हसूच आवरेना. "आवं, मी सकाळधरनं हितंच हाय. आपल्या घरच्या भाकरी मंजुषानं केल्यात."

मंजुषा म्हणजे गेल्या साली आलेली त्यांची सून, भाकरी सासूकडूनच शिकलेली. मांडव खदखदून हसला. सरांचं तोंड एवढंएवढंसं झालं. मला अण्णांचा असा राग आला म्हणता! सरांना नावं ठेवायचा हक्क फक्त शेजाऱ्याचा.

अण्णा मात्र भाकरी उलटसुलट करून बघत होते. "हसता कशापायी रे?" ते गड्यांवर खेकसले. मग सरांकडे वळले. "बाया दोन, हात दोन, म्हंजे डिफरंट. पण भाकर बघून कुणाची ते सांगता येईना, म्हंजे डिस्टिंक्टिव्ह न्हाई. आसंच ना?"

सर बघतच राहिले. "अगदी असंच, अण्णा. पण तुम्हाला कसं..."

"पोरीला न्यायला येतो तवा वट्यावर बसतो की. लई हळू शिकवता तुमी, पण डोक्यात शिरतंय. पोरगी उद्या येतीय."

सरांचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू? सरांनी तीच भाकरी मोडली आणि अर्धी अण्णांच्या हातावर ठेवली.

मंजुषा सासूजवळ सरकली. "आई, मामांजींना खरंच कळलं न्हाई?"

"न्हाई गं बाई," रुक्मिणीवहिनी पदराला हात पुसत म्हणाल्या. "चुलीपासून सुटले मी आता."