दगडातली चिंबोरी

आधी माफी मागतो. कॉलेजच्या वार्षिक अंकात लिहिण्याइतका मी कोणी नाही. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, आणि माझं आजवरचं लिखाण म्हणजे प्रॅक्टिकलची जर्नल्स. पण एक गोष्ट आहे — ती मी कुणालाच सांगितलेली नाही. आईलाही नाही. तिला तर नाहीच.

जिऑलॉजीच्या कपाटात वरच्या फळीवर एक गोल दगड असायचा, तो तुम्ही पाहिला असेल. नारळाएवढा, एका बाजूने फुटलेला. मागच्या वर्षी आम्ही फील्डवर्कला खाडीकाठी गेलो होतो. तिथे खोलवर खणून काढलेल्या चिखलाचे ढीग पडले होते. त्यातला हा गोळा माझ्या हातोडीने फुटला आणि आत काहीतरी दिसलं — काळपट, गुळगुळीत, कडेला दाते, पुढे एक बारका वाकडा तुकडा. बाकी सगळं दगडात गाडलेलं. आमच्या भागात जिथे जाल तिथे काळा कातळ. त्यात जीवाश्म कुठला मिळायला? त्या दिवशी मी परतीच्या गाडीत उगाचच हसत होतो. कुणी कासव म्हणालं, कुणी शिंपला. मॅडमनाही खात्री नव्हती. "तुला सापडलाय, तूच शोध. आठवड्याने सेमिनारमध्ये सांग," म्हणाल्या.

दगड रुमालात गुंडाळून सुकापूरला घरी आणला.

इथे जरा थांबतो — कारण हे आधी सांगायला हवं. आई काय करते असं कॉलेजात कुणी विचारलं की मी "घरीच असते" म्हणायचो. आई पनवेलच्या बाजारात मासळी विकते. माझ्या जन्माच्या आधीपासून.

त्या संध्याकाळी ती बाजारातून आली, पाटी धुतली, आणि टीव्हीजवळ ठेवलेला दगड तिने सहज उचलला.

"दगरान चिंबोरी कशी रं शिरली?"

मी समोर जाडजूड पुस्तक उघडून बसलो होतो. चिंबोरी म्हणजे खेकडा. तो कशावरून, विचारलं.

"काठाची दाती मोज. नऊ हायत का? दर्यातलीची शेवटची दाती काट्यावानी लांब असते. हिच्या सगल्या सारक्या. म्हंजे ही चिखलातली. आन मादी हाय."

"मादी?"

"नांगी बघ किती बारकी. नराची अशी असते व्हय?"

मी दाते मोजले. नऊ. पुस्तकातल्या चिखलातल्या खेकड्याच्या चित्रात मोजले — नऊ. मी खरंच घरभर नाचलो. ती म्हणाली, किती वर्सांची? म्हटलं, हजारो असतील.

"मंग शिली हाय. गिऱ्हाईक हात लावनार नाय," ती म्हणाली, आणि आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. इतका आनंद आमच्या त्या खोलीत मी क्वचितच पाहिलाय.

मग सेमिनार. तिचंच बोलणं मी शुद्ध भाषेत सांगितलं. नऊ दाते, शेवटचा लांब नाही, नांगी लहान. टाळ्या पडल्या. मॅडमनी विचारलं, नर-मादी पोटावरच्या झडपेवरून कळतं, मग पोट दगडात असताना मादी कसं म्हणतोस? हे शोधलंस कसं?

एका शब्दाचं उत्तर होतं — आईने. किती सोपं! मी म्हणालो, "पाच दिवस लायब्ररीत बसलो, मॅडम."

का म्हणालो? मागच्या बाकावरची मुलं हसतील म्हणून? हो. तेवढ्यासाठीच. दगडाखाली चिठ्ठी लागली, 'ओळख पटवणारा' — पुढे माझं नाव.

आणि अजून एक. कॉलेजात दगड मांडला त्या प्रदर्शनाला पालकांना बोलावलं होतं. आईने विचारलं, "आमाला नसतं का यायचं?" मी म्हणालो, "नाय आये, फक्त पोरांना." त्या दिवशी तिने मुद्दाम चिंबोऱ्यांचं कालवण केलं, आणि वाढताना पुन्हापुन्हा विचारत राहिली, दगड बघून सगली काय बोलली? मी सांगत गेलो, ती खूश होत गेली. मी दोनदा रस्सा घेतला.

ती खोटं बोलली नव्हती, लाजली नव्हती. मी दोन्ही केलं. यात तिचा, गरिबीचा, मागच्या बाकांचा कुणाचाच दोष नाही.

हा लेख मॅडमच्या हातात देणार आहे, म्हणजे त्यांनाही आजच कळेल. आईला अंक येण्याआधी मीच वाचून दाखवीन. ती काय म्हणेल, माहीत नाही.

दिवाळीनंतर दगड पुण्यातल्या एका तज्ज्ञांकडे साफ करायला गेला होता. महिनोन् महिने काहीच कळलं नाही. परवा दुपारी जिन्यात मॅडमनी थांबवलं आणि त्या तज्ज्ञांचा मेसेज वाचून दाखवला — मी कठड्याला धरून उभा होतो, आणि मला आतून इतकं हसू येत होतं की मॅडम बघतच राहिल्या. मेसेज असा होता: पोटाकडचा दगड सुईने काढून झाला. पोटावरची झडप रुंद निघाली, मादीची असते तशी. चिखलातलीच चिंबोरी आहे, आणि मादीच आहे. पोट न बघता ज्याने हे सांगितलं, त्याला एकदा भेटायचं आहे.