धवलेरीने लावलेलं लग्न

विहिणीने आम्हाला चहा दिला त्या कपांवर तारप्याचा नाच छापलेला होता. गोल फेर धरलेली माणसं, मध्ये तारपा फुंकणारा. सोफ्याच्या उशांवरही तीच माणसं. त्याच सोफ्यावर बसून विहीण म्हणाली, "लग्न इथल्या हॉलमध्ये करू. भटजी मी सांगून ठेवलेत. तुमच्याकडे ती धवलेरी वगैरे असते ना, ते जरा नको."

तुमच्याकडे, असं ती म्हणाली. तिचं माहेर तलासरीच्याच बाजूला, आमच्या पाड्यापासून डोंगर उतरलं की आलं. ती वारली, तिचा नवरा वारली, आम्हीही वारली. ती शिकली, शाळेत शिक्षिका झाली, नवरा सरकारी कचेरीत लागला, दोघांनी सरावलीला घर बांधलं. त्यात मला काही खुपत नाही. मी स्वतः डहाणूत फुग्यांच्या कारखान्यात पॅकिंगची सुपरवायझर आहे. माझं घरही आता कुडाचं नाही, सिमेंटचं आहे. पण लग्न कोणी लावायचं, हे घर कशाचं आहे त्यावरून ठरत नाही.

आमच्यात लग्न बाई लावते. तिला धवलेरी म्हणतात. सवाष्णी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, चौकाच्या मधोमध पालघट देवी बसवतात. धवलेरी गाण्यांतून एकेका देवाला लग्नाला बोलावते. देव आले, गाणी झाली, की लग्न लागलं. माझं असंच लागलं. विहिणीचंही असंच लागलेलं असणार.

"काय नको?" मी विचारलं.

"म्हणजे, घरी करून घ्या की आदल्या दिवशी. हॉलवर माझ्या शाळेतले लोक येणार, ह्यांचे साहेब येणार. ती म्हातारी किती वेळ गात बसेल?"

"गाणी संपेपर्यंत."

विहीण हसली. वर्गातल्या पोरांना हसते तशी. "बरं, असं करू. जेवणं चालली असताना तिला स्टेजवर थोडा वेळ देऊ. लोकांना आवडतं ते. सांस्कृतिक वाटतं."

"ती कार्यक्रम करत नाही. ती लग्न लावते."

माझा नवरा चिकूचा टेम्पो चालवतो. वाटाघाटी तो माझ्यावर सोडतो आणि मी जास्त बोलायला लागले की कपात बघतो. तो कपात बघायला लागला.

मी सरळ सांगितलं. लग्न आमच्या पाड्यावर, धवलेरीच्या हातून. त्यानंतर हॉलमध्ये रिसेप्शन करा, साहेबांना जेवू घाला, फोटो काढा, आम्ही सगळे येऊ.

"आणि भटजी?"

"तेही जेवायला येऊ देत. त्यांच्याशी आमचं काही वाकडं नाही."

खरंच नाही. आमच्याकडे गणपती बसतो. चैत्रात आम्ही महालक्ष्मीच्या जत्रेला जातो. नवं भात कणसरी देवीला दाखवल्याशिवाय घरात कोणी तोंडात घालत नाही. हे सगळे एकाच घरात सुखाने राहतात. भांडण देवांमध्ये नव्हतंच. विहिणीला लाज वाटत होती, आणि ती लाज माझ्या मुलीच्या लग्नातून निस्तरायची होती.

"मग आम्हाला विचार करावा लागेल," ती म्हणाली.

परत येताना इको गाडीत नवरा म्हणाला, "पोरीला विचारलं होतंस?"

विचारलं नव्हतं.

मुलगी डहाणूच्या एका दवाखान्यात नर्स आहे. मुलगा तिने स्वतः पसंत केलेला, तोही तिला मनापासून धरून आहे. मी घरी जाऊन बोंबील साफ करत बसले आणि तिला सगळं सांगितलं. ती ऐकत उभी राहिली.

"आई, तुला माझं लग्न मोडायचंय का?"

"लावायचंय."

"धवलेरी आजी काय गाते ते मला निम्मं कळत नाही."

"भटजी म्हणतात ते कळतं?"

ती हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "त्या घरात मला राहायचंय. तुला नाही."

तिचं बरोबर होतं, म्हणून मी नीट उत्तर दिलं. म्हटलं, "तुलाच राहायचंय म्हणून आत्ताच ठरव. आज धवलेरी नको म्हणतील. उद्या म्हणतील, माहेरची बोली आमच्या पाहुण्यांसमोर बोलू नको. नंतर तुझी पोरं विचारतील की आजीच्या पाड्यावर काय असतं, आणि तू सांगशील, काही नसतं. त्यांना कपावरचे वारली चालतात. कपाबाहेरचे चालतात का, ते लग्नाआधी बघून घे. तू नको म्हणालीस तर मी गप्प बसेन."

गप्प बसले असते का, ते मला आजही सांगता येणार नाही. तशी वेळ आली नाही. पुढचे काही दिवस ती अंगणाच्या टोकाला जाऊन फोनवर बोलत होती. कधी आवाज चढायचा, कधी अगदी बारीक व्हायचा. सरावलीहून आमच्याकडे काही निरोप नाही. कारखान्यात मी पोरींवर उगाच खेकसत होते. मग एका संध्याकाळी ती आत येऊन म्हणाली, "लग्न पाड्यावर. तो आईला समजावणार आहे."

"समजेल?"

"नाही समजणार. पण येतील."

आमच्या पाड्यावरची धवलेरी नात्याने माझी चुलत सासू. मी तिला काकी म्हणते. तिला सुपारी द्यायला गेले तेव्हा रागारागात सगळं सांगितलं, स्टेजचं तर दोनदा सांगितलं. काकी पान लावत होती.

"माईक देणार होते काय गे?"

"देणार असतील."

"मग नाय कशाला म्हणालीस? घसा बसतो माझा हल्ली." पान तोंडात टाकून ती म्हणाली, "लगीन मात्र इथंच. देवी काय इकोत बसून हॉलला जाणार?"

पुढचं काम भिंतीचं. सिमेंटच्या भिंतीला आम्ही हौसेने ऑइलपेंट दिलेला, फिका हिरवा. त्यावर गेरू धरत नाही, ओघळतो. मी काचपेपर आणला आणि कारखान्यातून सुट्टी घेऊन ती भिंत घासली. नवरा म्हणाला, चांगला रंग होता. मी म्हटलं, चांगला असेल, पण निसरडा आहे. शेण-मातीचा हात दिला, वर गेरू दिला. वाळल्यावर भिंत जुन्या घरातल्यासारखी दिसायला लागली. बाकीची खोली हिरवीच.

लग्नाच्या आदल्या दिवशी शेजारणी तांदूळ वाटत बसल्या होत्या तेव्हा सरावलीहून गाडी आली. ड्रायव्हरने एक लांब गुंडाळी उतरवली. उलगडली तर फ्लेक्स. पूर्ण भिंतीएवढा, गडद तपकिरी, त्यावर पांढरा चौक छापलेला. नक्षी सुबक होती, घोडा होता, चंद्र-सूर्य होते, खाली तारप्याचा नाच होता. आणि मधोमध, जिथे देवी असते तिथे, नवरा-नवरीचा फोटो. हसरा. मुलीने गॉगल घातलेला.

तांदूळ वाटणाऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणीतरी खोकली. फोनवर विहिणीचा मेसेज होता: 'तुम्हाला लिहिण्याचा त्रास नको. नुसतं भिंतीवर लावा.'

मी फोन केला.

"फ्लेक्स पोचला. देवी कुठंय?"

"कुठली देवी?"

"चौकातली."

मग ती म्हणाली, "फ्लेक्सवाल्याने सुचवलं. बेन, वच्चे फोटो सारो लागे, म्हणाला. मध्ये फोटो चांगला दिसतो म्हणे. मलाही बरं वाटलं."

"विहीणबाई, तुमच्या लग्नात चौकात तुमचा फोटो होता?"

"आमच्या वेळी फोटो होते कुठे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने ते चांगल्या मनाने पाठवलं होतं, हे मला मान्य आहे. त्यानेच जास्त राग आला. वाईट मनाने पाठवलं असतं तर निदान देवी तिच्या लक्षात असती.

फ्लेक्स फेकून देण्यासारखा नव्हता, माल जाड होता. मी तो उलटा करून अंगणात अंथरला आणि बायकांना त्यावर सुकट निवडायला बसवलं. मुलगी बाहेर आली.

"माझ्या तोंडावर सुकट?"

"तोंड खालच्या बाजूला आहे," मी म्हटलं.

सवाष्णींनी चौक लिहिला. बांबूची काडी पिठात बुडवायची, रेघ ओढायची, गाणं म्हणायचं, पुन्हा बुडवायची. त्यातली एक बचत गटाचं बँकेतलं काम बघते, एक माझ्याच कारखान्यात आहे. रेघा सरळ आल्या नाहीत. देवीचा एक हात जरा लांब झाला. कोणी पुसला नाही.

सकाळी वऱ्हाड आलं. विहीण भारी साडी सांभाळत गाडीतून उतरली आणि बायकांनी गाणं धरलं. लग्नात विहिणीला चिडवायचंच असतं, पण ते त्यांनी रात्रीतून रचलेलं होतं. विहीण आली गाडीत बसून, देवी आली का गं? देवीला जागा उरली नाही, गॉगलवाली बसली गं. वऱ्हाडातले पुरुषही हसले. नवरामुलगा मान खाली घालून खांदे हलवत होता. विहीण हसली नाही. बायकांना थांबवणं माझ्या हातात होतं. मी थांबवलं नाही.

काकी चौकासमोर बसली आणि गायला लागली. घसा खरंच बसलेला होता, तरी गात राहिली. ऊन अंगणात आलं, मांडवाखाली आलं. विहीण माझ्याजवळ सरकली.

"अजून किती? हॉलवर भटजी थांबलेत."

दोन गाण्यांच्या मध्ये काकी पाणी पीत होती. तिने ऐकलं. "त्यांना सांग बाय, देव वाटेत हायेत. चालत येतात ते," म्हणाली आणि पुढचं गाणं उचललं.

लग्न लागलं. मुलगी रडली, मी वाढायला गेले.

दुपार कलल्यावर आम्ही हॉलवर पोचलो. आत शिरले आणि माझ्या लक्षात आलं की विहिणीने हार मानलेली नव्हती. स्टेजवर पाट मांडलेले, भटजी तयार, अंतरपाट धरून दोन माणसं उभी. पाहुण्यांना अक्षता वाटून झालेल्या. खुर्च्यांच्या सगळ्या रांगा मुठी मिटून बसलेल्या.

"नुसती मंगलाष्टकं," विहीण मला हळू आवाजात म्हणाली. "दहा मिनिटांचं काम. एवढ्या लोकांसमोर आता नाही म्हणू नका."

हिशेब तिने बरोबर केला होता. लोकांसमोर मी नाही म्हटलं असतं तर मीच आडमुठी पाड्यावरची बाई ठरले असते. ठरायला माझी तयारी होती. मी स्टेजच्या पायऱ्या चढायला लागले. पण नवरा-नवरी माझ्या आधी वर पोचले होते.

मुलगी पाटावर उभी राहिली नाही. पाटाच्या पुढे आली, दवाखान्यात वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमचं लग्न सकाळी पाड्यावर झालं. धवलेरी आजीने लावलं. तुम्ही आशीर्वाद म्हणून अक्षता टाका आणि जेवायला चला."

नवऱ्यामुलाने अंतरपाट धरणाऱ्यांच्या हातातून घेतला, घडी घातली आणि भटजींना दिला. भटजींनी त्या दोघांकडे बघितलं, विहिणीकडे बघितलं. "झालं असेल तर पुन्हा कशाला लावायचं," ते म्हणाले. मग मागच्या रांगेतून कोणीतरी अक्षता टाकल्या, आणि बाकीच्यांनाही मुठी उघडाव्या लागल्या.

विहीण माझ्या शेजारी उभी होती. तिच्या खांद्यावर तांदूळ पडले होते. ती समोर बघतच म्हणाली, "हे तुम्ही शिकवलंत तिला."

"हो," मी म्हटलं. "आणि उद्यापासून ती तुमच्या घरात राहणार आहे."

खाली पंगतीत वाढपी कमी पडत होते, म्हणून मी पदर खोचला आणि भाताचं पातेलं उचललं. थोड्या वेळाने तीही आमटी घेऊन आली.