भिंतीपाशी बसलेली बाई

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि तात्यांनाही नाही.

नव्वदच्या दशकात बारामतीत माझं व्हिडिओचं दुकान होतं. लग्नाच्या शूटिंगची कामं घ्यायची, कॅसेटी भाड्यानं द्यायच्या, गणपतीत मंडळांना टीव्ही आणि व्हीसीआर पुरवायचा. इंग्रजी पिक्चर असला की माईक हातात घेऊन मीच मराठीत गोष्ट सांगायचो. लोक पिक्चरपेक्षा मला जास्त हसायचे, आणि मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू?

त्यात एक जपानी पिक्चर होता. समुद्रातून अजस्र जनावर येतं आणि शहर तुडवतं. माझ्याकडे त्याची परदेशात कापून-जोडून केलेली कॅसेट होती. त्यात एक गोरा पत्रकार मध्येच चिकटवलेला, आणि तोच इंग्रजीत सगळी गोष्ट सांगणार. मला सोयीचं होतं. मग पुण्याच्या एका मित्रानं मूळ जपानी पिक्चरची कॉपी करून दिली. गोरा नाही, इंग्रजीचं अक्षर नाही. पण बघताना छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटायचं. माणसं गाठोडी घेऊन पळतायत, दवाखान्यात पोरं रडतायत. गंमत कुठेच नाही.

एका गणपतीत आमच्या गावी, लोणी भापकरला, मी हौसेनं ती मूळ कॅसेट लावली. लोक कंटाळले, निम्मे उठून गेले. तात्या मात्र हलले नाहीत. तात्या म्हणजे आमच्या वस्तीवरचे मेंढपाळ, उभं आयुष्य कळपामागे गेलेलं. सगळे गेल्यावर ते माझ्याजवळ आले. पिक्चरमध्ये एक बाई होती — भिंतीच्या बुडाशी दोन लेकरं कवटाळून बसलेली, वर आग, आणि ती लेकरांना काहीतरी सांगतेय. तात्यांनी मला विचारलं, ‘‘काय म्हनाली रं ती पोरास्नी?’’

मला जपानी कुठलं येतंय? तरी म्हटलं, पुण्यात मित्राच्या ओळखीचं कुणीतरी ती भाषा शिकतंय, विचारून सांगतो.

तात्यांची हकिगत तुम्हाला माहीत नसणार. तरणेपणी ते मेंढरं घेऊन कोकणात उतरले होते. मागे वळवाच्या पावसानं घराची भिंत खचली. बायको आणि दोन पोरं खाली सापडली. निरोप मिळून ते परतेपर्यंत राखसुद्धा सावडून झाली होती. काढणाऱ्यांनी एवढंच सांगितलं, की दोन्ही पोरं तिच्या कुशीत होती. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही, पुतण्यांकडे राहिले. त्या दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, ‘‘आमची बी आशीच बसली आसंल. माजं नाव काडलं आसंल का रं तिनं?’’

मी ‘कळवतो’ म्हणालो. नंतर भेटतील तेव्हा ते विचारायचे — व्हय रं, कळलं का? आणि मी पुण्याला जायचं पुढे ढकलत राहिलो.

मग लगीनसराई आली. इंदापूरला एका बड्या घरचं लग्न होतं आणि ऐन वेळी कोरी कॅसेट कमी पडली. तात्यांची ती बाई जिच्यात होती, तीच कॅसेट पिशवीत होती. वर रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून तिच्या कडेचा तुकडा मोडलेला होता. खाच बुजवली की पुन्हा रेकॉर्डिंग होतं, म्हणून मी तिच्यावर चिकटपट्टी लावली. म्हणजे विसरून झालं नाही, चुकून झालं नाही. पट्टी दातानं तोडून, अंगठ्यानं दाबून लावली — आणि नवरदेवाची वरात शूट केली.

पुढच्या गणपतीत तात्या पुतण्यांना, सुनांना, पोराबाळांना घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. मंडळाला मुद्दाम तोच पिक्चर मागायला लावलेला. मी गोऱ्या पत्रकाराची कॅसेट लावली आणि माईकवर चेष्टा सुरू केली. लोक खूश. शहर पेटलं तसे तात्या पुढे सरकले. आग झाली, जनावर गेलं, बाई आलीच नाही. तात्या उभे राहिले.

‘‘आरं, हितं एक बाई हुती. दोन लेकरं घिऊन बसल्याली. कुठं गेली?’’

मी खरं सांगू शकलो असतो. तात्या, दोन पिक्चर आहेत, तुमचा मी पुसला — एवढंच सांगायचं होतं. पण माईक हातात होता आणि सगळं गाव बघत होतं. मी माईकवर म्हणालो, ‘‘तात्या, आशी बाई कवाच न्हवती. तुमाला भास झाला आसंल. का बाई बघायलाच आला व्हता?’’

मांडव हसून लोळला. पुतण्यानं त्यांचा हात ओढून त्यांना खाली बसवलं.

तिथून घरात, पारावर, डेअरीवर, सगळीकडे एकच — तात्यांना भास होतात. बायकोबद्दल बोलायला लागले की सुना एकमेकींकडे बघायच्या. हळूहळू ते तिच्याबद्दल बोलायचेच बंद झाले. ती आठवण धरून ठेवणारं गावात दुसरं कुणी उरलेलंही नव्हतं. दोन वर्षांत ते गेले.

मूळ पिक्चर पुढे मला कॉम्प्युटरवर सापडला, खाली इंग्रजी ओळींसकट. ती बाई आहे. ती लेकरांना त्यांच्या बापाबद्दल सांगते. मी तिथेच थांबवला, पुढचा बघवला नाही.

पण खरी गोष्ट अजून सांगितलेली नाही. त्या गणपतीनंतर तात्या एकदा एसटीनं बारामतीला माझ्या दुकानात आले होते. पायताण बाहेर काढून दारातच उभे राहिले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, आम्ही दोघंच होतो. म्हणाले, ‘‘लेका, माज्याच डोक्यात बिगाड हाय. नसलेल्या बाईपायी तुला वरीसभर तरास दिला. राग धरू नगंस.’’

आणि मी म्हणालो, ‘‘आसू द्या, तात्या. हुतं म्हातारपनी.’’