माग बंद दिसला

नवी चादर उलगडली की खळीचा वास येतो आणि मला तापातली ती दुपार आठवते. मी घरूनच कोडिंग करायचो. चॅट ॲपला अशी जोडणी केली होती, की मी कामाला बसलो की मित्रांना माझ्या नावाखाली 'कोड लिहितोय' असं आपोआप दिसायचं. वडिलांना ते अजिबात पटलं नव्हतं. "काम करायचं तर गुमान करावं की. गावाला दाखवायचं कशाला?" त्यांचा सगळा जन्म मागावर गेलेला, आमचा यंत्रमाग पुढच्या खोलीत दिवसभर खडखडायचा. मग मला ताप आला. लॅपटॉप मिटलेला, फोनही बंद. तिसऱ्या दिवशी माझ्यासारखंच घरून कोडिंग करणारा, तशीच जोडणी केलेला मंगळवेढ्याचा मित्र एसटीनं येऊन दारात उभा राहिला, हातात पेरूंची पिशवी. "तुजं नाव नुसतंच दिसतंय, खाली कायबी न्हाय. फोनबी लागंना. म्हनलं, जाऊन बघावं." त्याचं बोलणं ऐकू येईना म्हणून वडिलांनी माग थांबवला. घर एकदम शांत झालं. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजाऱ्यांची हाक आली, "काय झालं ओ? माग का बंद?" वडिलांनी एकदा भिंतीकडे, एकदा मित्राकडे बघितलं. मग आईला म्हणाले, "चहा टाक. ह्याचा माग बंद दिसला म्हणून मंगळवेढ्यावरनं आलाय." काल त्या मित्राच्या नावाखाली सकाळपासून काहीच दिसेना, तेव्हा मी फोन लावला. "लाइट न्हाय मर्दा हितं," तो म्हणाला.