थोपटे थानेदारांची पाठ

रंगराव थोपट्यांना मी खुर्चीत बसलेलं कधी पाहिलं नाही. ठाण्यात त्यांच्यासाठी वेताची चांगली ऐसपैस खुर्ची होती. तिच्यावर फिर्यादी बसत, दुपारी मांजर झोपे, एकदा तर कुणाची तरी जप्त केलेली कोंबडी तिथे अंडं घालून गेली. थानेदार मात्र उभे. फिर्याद उभ्याने ऐकायची, चहा उभ्याने प्यायचा, सही करायची तीही कागद भिंतीला टेकवून. मी खुर्ची पुढे सरकवली की म्हणायचे, "बसला तो फसला, जोशी. आपलं ठाणं म्हणजे चुलीवरचं दूध आहे." हिंदीच्या संगतीने आम्ही लष्कर शहरातली मराठी मंडळी ठाणेदाराला थानेदारच म्हणायचो. सगळ्या शहराला वाटे, काय हा कामाचा उरक!

मी तिथे मोहरीर, म्हणजे वह्या लिहिणारा कारकून. वय बावीस, नोकरी नवी, आणि स्वभाव असा की कुणी मोठ्याने शिंकलं तरी मला वाटे आपलंच काही चुकलं. आमचे पूर्वज दक्षिणेतून पूजाअर्चा करायला आले, थोपट्यांचे तलवार घेऊन आले. त्यावरून ते मला चिडवायचे. "तुमच्यांनी मंत्र म्हटले, आमच्यांनी मुंडकी दिली, आणि दोघांचे नातू इथे खिसेकापूंची नावं लिहितायत. वा रे नशीब!" असं म्हणत आणि त्याच दमात बाहेरच्या शिपायाला हाक मारत. एका जागी दोन मिनिटं थांबणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

आणि थांबणार तरी कसे? शहराच्या पोटातलं ठाणं ते. इंदरगंजच्या चौकात टांगे एकमेकांत अडकायचे, पाटणकर बाजारात दुकानदार भांडायचे, वरून बड्या पोलीस साहेबांच्या चिठ्ठ्या यायच्या, खालून शिपाई रजेसाठी रडायचे. एखाद्या सरदाराचा माणूस आला की त्याला आधी मुजरा, मग उत्तर. घर ठाण्याच्या मागेच असल्यामुळे घरही त्यांना सोडत नसे. थोरली लेक सुशीला, तिचं लग्न मार्गशीर्षात ठरलेलं. मुलाकडच्यांनी स्थळ पसंत केलं ते मुलगी थानेदाराची म्हणून, हे ते लोक स्वतःच चारचौघांत सांगायचे. रोज मागच्या दारातून निरोप येई आणि थोपटे एक कान तिकडे, एक इकडे ठेवून येरझारा घालत.

आमच्याकडे रोज दिवेलागणीला बदमाशांची हजेरी असे. ज्यांची नावं यादीत आहेत त्यांनी ठाण्यात येऊन तोंड दाखवायचं, आणि मी वहीत नावापुढे 'हजर' लिहायचं. त्यात छिद्दा नावाचा एक जुना पहिलवान होता. तरुणपणी भिंती चढून चोऱ्या केलेला, आता आखाड्यात लोकांची हाडं बसवून पोट भरणारा. दसऱ्याच्या आधी महिनाभर थोपट्यांनी मला सांगून ठेवलं होतं, छिद्दा माझ्या कामावर असतो, तो आला नाही तरी हजर लिहीत जा. मला वाटलं, खबऱ्या असेल. मी लिहीत गेलो.

एका संध्याकाळी तातडीच्या सहीसाठी मी मागच्या घरी गेलो. बायका देवळात गेल्या होत्या. दार नुसतं लोटलेलं. आत आमचे थानेदार जमिनीवर पालथे पडले होते, तोंडात पंचा कोंबलेला, आणि छिद्दा भिंतीला हात टेकून त्यांच्या पाठीवर पावलं टाकत चालत होता. "हुजूर, साँस छोड़ो," म्हणत होता. थोपट्यांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागलेल्या. मी तसाच मागे फिरलो तर त्यांनी हाक मारली.

मग सगळं सांगितलं. काही वर्षांपूर्वी घोड्यावरून पडले, तेव्हापासून पाठ गेलेली. बसलं की उठता येत नाही, म्हणून बसायचंच नाही. दसऱ्याच्या सवारीत घोड्यावर ताठ बसावं लागणार. डॉक्टरला कळलं तर नोकरीला नालायक ठरवतील, पेन्शनीला अजून दोन वर्षं, आणि सुशीलेचं लग्न तोंडावर. हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मी शपथ घेतली की कुठे बोलणार नाही. त्यांनी पडल्या पडल्याच सही केली.

दसऱ्याला आठ दिवस उरले आणि एका सरदारांच्या हवेलीतून मोत्याचा शिरपेच गेला. तो दरबारात घालायचा, त्यामुळे हवेलीत हाहाकार. चोरी ऐन दिवेलागणीला झालेली, गच्चीवरून कुणी दांडगा माणूस उतरताना मोलकरणीने पाहिलेला. साहेबांचा हुकूम आला की दसऱ्याच्या आत चोर पाहिजे. आणि भिंत चढणारा दांडगा म्हटल्यावर छिद्दाशिवाय दुसरं नाव कोण घेणार? चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही. साहेबांनी त्याला धरून आपल्या कचेरीत नेलं.

मग माझी वही मागवली. वहीत चोरीच्या संध्याकाळी छिद्दा ठाण्यात हजर. शिपायांना विचारलं, तर एकानेही त्याला पाहिलेलं नाही. साहेबांनी निष्कर्ष काढला की मोहरीर चोराला सामील आहे. छिद्दाला दोन दिवस मार पडला, पण त्या संध्याकाळी कुठे होता ते त्याने सांगितलं नाही. खरं काय ते सांगायला मला तीन दिवसांची मुदत मिळाली.

त्या तीन दिवसांत थोपटे माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. ठाणंभर फिरत राहिले, आत बाहेर, आत बाहेर, मिशी चावत. मला त्यांचा इतका राग आला म्हणून सांगू! रात्रंदिवस एकच विचार, हा माणूस आपल्या पाठीसाठी मला आणि त्या गरीब पहिलवानाला खड्ड्यात घालणार. माझ्या मामांनी सल्ला दिला, आधी आपला जीव वाचव. मी अर्ज लिहिला. थानेदारांच्या हुकुमाने खोटी हजेरी लिहिली, त्यांची पाठ अशी, पहिलवान त्यांच्या घरी असे, सगळं सगळं लिहिलं. शपथ घेतली होती ना? ती गेली चुलीत. तो अर्ज खिशात घालून चौथ्या दिवशी मी साहेबांच्या कचेरीत उभा राहिलो. थोपट्यांनाही बोलावलेलं, ते भिंतीशी उभे.

साहेबांनी माझं नाव पुकारलं. मी खिशात हात घातला तोच थोपटे दोन पावलं पुढे आले. नेहमीचा आवाज, बाजारात टांगेवाल्यांना दटावतात तोच. "साहेब, पोराने माझ्या हुकुमाने लिहिलं. त्या वेळी छिद्दा माझ्या घरात माझी पाठ तुडवत होता. मी घोड्यावर बसायला लायक राहिलेलो नाही. डॉक्टरांना बोलवा."

डॉक्टर आले, त्यांनी वाकायला सांगितलं, थोपट्यांना वाकता आलं नाही. संध्याकाळपर्यंत छिद्दा सुटला, मला ताकीद मिळाली, आणि थोपट्यांचं नाव नोकरीतून कमी झालं. शिरपेच पुढे सरदारांच्याच भाच्याकडे सापडला म्हणतात, पण त्याचा कागद कुणी केला नाही. दसऱ्याच्या सवारीत दुसरा थानेदार घोड्यावर बसला. मुलाकडच्यांनी आठवड्याच्या आत लग्न मोडून नारळ परत पाठवला.

महिन्याभराने थोपटे बिऱ्हाड घेऊन उज्जैनला धाकट्या भावाकडे निघाले. दाराशी टांगा उभा होता. सुशीला डोळे पुसत ट्रंकेवर बसली होती, आणि छिद्दा, अजून सुजलेल्या हातांनी, सामान चढवत होता. मला राहवेना. मी त्यांना बाजूला घेतलं आणि त्या अर्जाचं सांगून टाकलं. सांगताना हुंदका आवरला नाही.

ते ऐकून थोडा वेळ येरझारा घालत राहिले. मग थांबले.

"खरंच लिहिलं होतंस ना त्यात?"

मी मान हलवली.

"मग रडतोस कशाला, यार? घाबरून का होईना, खरं लिहिलंस. मी दर साली 'प्रकृती ठणठणीत' असं लिहून सही करत आलो. आणि तीन दिवस तुला पाहत होतो, जोशी. तिसऱ्या रात्रीपर्यंत तुलाच बळी जाऊ देणार होतो मी."

मी पाया पडायला वाकू लागलो, तर त्यांनी घाईघाईने माझे दोन्ही दंड धरले. "नको, नको. तू खाली वाकलास तर तुला उठवायला मला वाकावं लागेल."

मी उभ्यानेच हात जोडले. त्यांनीही जोडले. मग छिद्दाने त्यांना लहान मुलासारखं उचलून टांग्यात ठेवलं.